बी.कॉम. धनुर्धर

बी.कॉम.च्या अभ्यासक्रमात धनुर्विद्या नव्हती. अकाउंटन्सी होती, ऑडिटिंग होते, मर्कंटाइल लॉ होता, आणि ज्याचा पुढे जन्मात उपयोग झाला नाही असा स्टॅटिस्टिक्सचा एक पेपरही होता. पण उभे कसे राहावे, दोरी कुठवर ओढावी आणि समोर रानडुक्कर आले तर काय करावे, याविषयी विद्यापीठाने अवाक्षर काढले नव्हते. विद्यापीठाचा तरी काय दोष म्हणा! वाणिज्य शाखेचा पदवीधर फार तर एखाद्या कर्जबुडव्याच्या मागे लागेल, डुकराच्या मागे कशाला लागतोय, असाच हिशेब कोणीही केला असता.

माझ्या बाबतीत तो हिशेब वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी चुकला.

त्याचे असे झाले. रत्नागिरी जिल्ह्यात आमचे एक गाव आहे, गावात घर आहे, घरात माझे वडील अण्णा आहेत, आणि घराच्या खालच्या अंगाला बावीस गुंठे भातशेती आहे. अण्णांचे वय शहात्तर. भात तयार व्हायला आले की रोज रात्री ते शेताच्या बांधावरच्या माळ्यावर जाऊन बसतात. हातात डालड्याचा रिकामा डबा आणि एक दांडका. डालडा घरात येईनासा होऊन जमाना झाला, पण डबा अजून नोकरीत आहे. रानडुकरांची चाहूल लागली की अण्णांनी डबा बडवायचा, डुकरांनी थोडे मागे सरकायचे, आणि अण्णांचा डोळा लागला की पुन्हा पुढे यायचे, असा उभयपक्षी मान्य झालेला कार्यक्रम वर्षानुवर्षे चालू आहे.

उपाय म्हणाल तर सगळे झाले. कोणी सांगितले, माणसाच्या केसांच्या वासाने डुक्कर येत नाही. बाजारपेठेतल्या सलूनमधून केसांचे पोते आणून बांधावर पसरले. कोणी सांगितले, रंगीबेरंगी साड्या कुंपणाला बांधा, डुकराला वाटते माणसे उभी आहेत. आमच्या हिच्या अकरा साड्या आज त्या कुंपणावर आहेत. (त्यातली अबोली रंगाची लग्नातली होती, हे मला अधूनमधून ऐकवले जाते.) पहिले चार दिवस डुकरे बिचकली. पाचव्या दिवशी त्यांना कळले असावे, की साड्या आहेत पण आत कोणी नाही. गेल्या आश्विनात त्यांनी दोन रात्रीत बावीस गुंठ्यांचा चिखल केला. खाल्ले त्याच्या चौपट लोळवले.

आणि आपल्याकडे सरकारी परवानगीशिवाय डुकराला हात लावायची सोय नाही. १९७२ सालचा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. पिकाची नासाडी झाली तर पंचनामा होतो, भरपाईचा अर्ज करता येतो, सगळी कागदपत्रे जोडावी लागतात. कागदपत्रांबद्दल मी काही बोलणार नाही. बावीस वर्षे मी स्वतः काउंटरच्या आतल्या बाजूला बसून लोकांना तीच आणायला सांगत आलो आहे. पण अण्णांनी फोनवर एवढेच म्हटले, ‘‘पुढच्या साली लावत नाही रे भात. पडच ठेवतो,’’ आणि माझ्या कारकुनी काळजात पहिल्यांदाच कोणाला तरी ठार मारावे असे आले.

नेमकी त्याच सुमारास दहा वर्षांची आवर्त ठेव पिकली. ताई भाच्याच्या बाळासाठी अमेरिकेत गेलेली होती. भाचा टेक्सासात सॅन अँटोनिओ शहरात असतो. ‘‘दिवाळीला दोघेही या,’’ असा तिचा लकडा चालला होता. साठवलेली पाच आठवड्यांची रजा घेतली आणि आम्ही गेलो. तिथे गेल्यावर दुसऱ्याच दिवशी जेवताना मी अण्णांच्या शेताची कथा सांगितली, तर भाचा वरणाची वाटी खाली ठेवून म्हणाला, ‘‘मामा, इथे तर डुक्कर मारायला लायसनसुद्धा लागत नाही.’’

आणि खरोखरच लागत नाही. खाजगी जमीन असावी आणि मालकाची परवानगी असावी, बस्स. २०१९ सालापासून तसा कायदाच आहे. संख्येची मर्यादा नाही, हंगामाची अट नाही. इतकेच काय, २०११ साली त्यांनी हेलिकॉप्टरमधून डुकरे मारायची मुभा देणारा कायदाही केला. हे मी दोनदा विचारून घेतले. डबा घेऊन माळ्यावर बसलेले अण्णा माझ्या डोळ्यांपुढे आले आणि क्षणभर मी त्यांना हेलिकॉप्टरमध्ये बसवून पाहिले.

एवढी उदारता का, तर तिथेही शेतकरी हैराण आहेत. एकट्या टेक्सासात वीस लाखांहून जास्त रानटी डुकरे असावीत असा अंदाज आहे. मूळची ती तिथली नव्हेत. १५३९ साली हर्नांडो डी सोटो नावाचा स्पॅनिश सरदार फ्लोरिडात उतरला तो बरोबर जिवंत शिदोरी म्हणून डुकरे घेऊन. पुढे त्या सगळ्या मुलखात स्पॅनिशांची डुकरे फिरली, सुटली, रानात वाढली. त्यात १९३० च्या दशकात हौशी लोकांनी शिकारीसाठी म्हणून युरोपातली रानडुकरे आणून टेक्सासात सोडली. मुद्दल परदेशातून आलेले आणि व्याज चक्रवाढ. एका वेताला सरासरी पाचसहा पिल्ले. असली ठेवयोजना आमच्या बँकेने काढली असती तर बँक महिन्यात बुडाली असती.

मात्र शास्त्राच्या दृष्टीने हे डुक्कर आणि अण्णांच्या शेतातले डुक्कर एकाच जातीचे, भाऊबंदच. मला तेवढे पुरे होते. हल्ली कुठल्याही शाखेतला खातेदार कुठल्याही शाखेत पैसे भरू शकतो. मग आमच्या गावच्या शाखेतली थकबाकी टेक्सास शाखेत वसूल करायला काय हरकत आहे?

हरकत निघाली ती आमच्या हिची. ‘‘अहो, वराह हा विष्णूचा तिसरा अवतार. दिवाळीच्या दिवसात अवतारावर बाण टाकणार?’’ मी म्हटले, महाभारतात अर्जुनाने टाकलाच की. वनपर्वात मूक नावाचा दैत्य डुकराचे रूप घेऊन अर्जुनावर चालून येतो, तेव्हा अर्जुनाचा आणि किराताच्या वेषातल्या शंकराचा, असे दोन बाण एकाच वेळी त्याला लागतात. ‘‘आणि मग डुक्कर कोणाचे यावरून दोघांची मारामारी होते,’’ ही म्हणाली. ‘‘तुमच्या वाट्याला तेवढेच येणार.’’ तिने आमच्यापेक्षा महाभारत जास्त वाचले आहे, हे मी वाद सुरू करण्यापूर्वी नेहमी विसरतो.

आता धनुष्यच का, बंदूक का नाही? तर भाच्याच्या ओळखीच्या ज्या शेतमालकाने परवानगी दिली, त्याची गाईगुरे बंदुकीच्या आवाजाने बुजतात. त्यामुळे तिथे काम बिनबोभाट झाले पाहिजे. बिनबोभाट काम करण्याचा मला अनुभव आहे, असे मी भाच्याला सांगितले. आमच्या शाखेत मी किती काम करतो हे आजवर कोणाच्याही कानावर गेलेले नाही.

धनुष्याच्या दुकानात गेलो तेव्हा माझ्या मनात रामलीलेतले धनुष्य होते. दुकानदाराने पुढे ठेवले ते शिवणयंत्र आणि सायकल यांच्या संकरातून जन्मलेले काहीतरी होते. दोन टोकांना चाके, चाकांवरून जाणाऱ्या तीन-तीन दोऱ्या, मध्ये एक छोटी दुर्बिणीसारखी भानगड. याला कंपाउंड धनुष्य म्हणतात. मिसुरी राज्यातल्या हॉलिस विल्बर ॲलन नावाच्या गृहस्थांनी याचे पेटंट १९६९ साली मिळवले. कंपाउंड म्हटल्यावर मला चक्रवाढ व्याज तेवढे आठवले, पण प्रकार निघाला कर्जमाफीचा. म्हणजे असे, की दोरी ओढायला सुरुवात केली की पन्नास पौंड जोर लागतो. पन्नास पौंड म्हणजे पावणेतेवीस किलो, सिमेंटचे जवळजवळ अर्धे पोते. पण पुरती ओढून झाली की चाके फिरतात आणि ऐंशी टक्के ओझे एकदम माफ होते! हातात राहतात दहाच पौंड. ज्याने प्रामाणिकपणे शेवटपर्यंत ओढले त्यालाच माफी, अर्ध्यात सोडणाऱ्याला नाही. माफीची इतकी न्याय्य योजना मी पहिल्यांदाच पाहिली.

मग मापे घेतली. दोन्ही हात पसरून उभे राहायचे, एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंत इंच मोजायचे आणि अडीचने भागायचे. माझे सहासष्ट भरले. सहासष्ट भागिले अडीच, सव्वीस पॉइंट चार. हा भागाकार मी दुकानदाराच्या यंत्राच्या आधी तोंडी केला आणि त्या दुकानात मला मिळालेला मान तेवढाच. बाण कार्बनचे होते. कार्बन मला पावतीबुकातलाच माहीत. बाणाचे टोक शंभर ग्रेनचे, म्हणजे साडेसहा ग्रॅमला थोडे कमी. अर्ध्या तोळ्याहून किंचित जास्त, हे कळल्यावर आमच्या हिने किंमत विचारली आणि एवढ्यात नाकातली झाली असती, असा शेरा मारला.

अंगठ्याचा प्रश्न मी मुद्दाम विचारला. एकलव्यापासून आपल्याकडे या विद्येत अंगठ्याबद्दल नाजूक भावना आहेत. पण हल्ली दोरी बोटांनी धरतच नाहीत. मनगटाला एक पट्टा, पट्ट्याला चिमटा, चिमट्याला खटका. चिमट्याने दोरी ओढायची आणि तर्जनीने खटका हळूच दाबायचा. नळ बंद करतो तसा नव्हे, झोपलेल्या बाळाच्या गालावरून बोट फिरवतो तसा, असे भाचा म्हणाला. तो नुकताच बाप झालेला आहे, त्यामुळे त्याच्या सगळ्या उपमा हल्ली पाळण्यातून येतात. आणि एक सक्त ताकीद दिली, बाण न लावता ओढलेली दोरी कधीही सोडायची नाही, धनुष्य हातातच फुटते. रिकामा दम देण्याचा परिणाम बँकेतही असाच होतो.

रोज सकाळी सरावाचे मैदान. वीस यार्डावर, म्हणजे साठ फुटांवर, गवताच्या गठ्ठ्याला डुकराचे कागदी चित्र. पहिल्या आठवड्यात माझी दोरी डाव्या हाताच्या आतल्या बाजूला अशी काही सणसणायची, की तिथे निळी जांभळी रजिस्टर्ड मोहोर उठली. दुसऱ्या आठवड्यात हाताला चामडी पट्टा आला, कोपर वळायला लागले आणि बाण डुकरात जाऊ लागले. मी खूष झालो. भाचा झाला नाही.

‘‘मामा, हा पोटात लागला.’’

‘‘लागला ना पण?’’

‘‘लागून चालत नाही.’’

आणि मग त्याने मला ते चित्र उघडून दाखवले, म्हणजे कातडीच्या आतले. डुकराचे हृदय आणि फुप्फुसे आपल्याला वाटते त्याच्या बरीच खाली आणि पुढे असतात, पुढच्या पायाच्या अगदी मागे, शरीराच्या खालच्या तिसऱ्या हिश्शात. ती जागा चहाच्या बशीपेक्षा फारशी मोठी नाही. मोठ्या नराच्या खांद्यावर तर कूर्चेची ढालच असते, त्यात बाण अडकतो. समोरून मारायचे नाही. आपल्याकडे तोंड करून तिरके उभे असेल तर मारायचे नाही. आडवे उभे हवे, किंवा पाठमोरे थोडे तिरके, आणि पुढचा पाय पुढे टाकलेला. बाण चुकीच्या जागी लागला तर जखमेवर चरबी दाटते, रक्त बाहेर येत नाही, माग लागत नाही. जनावर काट्याकुट्यात जाते आणि तिथे मरायला कितीही वेळ घेते.

हे ऐकल्यावर मला अण्णांची एक गोष्ट आठवली. मी शाळेत असताना कोणीतरी खालच्या वाडीत गावठी बॉम्ब ठेवला होता, पिठाच्या गोळ्यात घालून. एका डुकराचा जबडा गेला. ते आमच्या राईत येऊन पडले आणि तीन रात्री ओरडत होते. जवळ जायची कोणाची छाती होईना. डुक्कर आमच्याच भाताचे वैरी, पण त्या तीन रात्री अण्णा जेवले नाहीत. मला ते तेव्हा नीट कळले नव्हते. चाळीतल्या गणपतीतही जे नाटक मी कधी पुरते पाहिले नाही, ते ऐकणे मात्र कानात राहिले होते.

त्या दिवशी संध्याकाळी मी वही घातली. दोनशे पानी, आडव्या रेघांची. तारीख, वारा, अंतर, बाण, आणि दोन रकाने: जमा आणि नावे. बशीच्या आत तो जमा, बशीच्या बाहेर तो नावे, मग तो डुकरात असो की गठ्ठ्यात. भाच्याने त्यात एक सुधारणा सुचवली. दिवसाचा पहिला बाण वेगळा मांडायचा. दुपारपर्यंत हात तापला की कोणीही बशीत मारतो, रानात मात्र मिळतो तो एकच, थंड हाताने टाकलेला. दुकानदार बोहनीला जपतो तसे पहिल्या बाणाला जपायचे. एकवीस दिवसांचा ताळेबंद असा: पहिले बाण एकवीस, वीस यार्डावर जमा अठरा, नावे तीन. पंचवीस यार्डावर मात्र निम्मे नावे. वहीने माझी पत वीस यार्ड ठरवली. पतीबाहेर कर्ज द्यायचे नाही, हे कलम मला समजावून सांगायची गरज नव्हती.

त्या नावेच्या तीन नोंदींपुढे मी कारणे लिहून ठेवली आहेत. एका दिवशी वारा होता. एका दिवशी आदल्या रात्री बाळ रडत होते. तिसऱ्या दिवशी पहाटे अण्णांचा फोन आला होता, की यंदा भात नव्हता म्हणून डुकरांनी परसातली रताळी उकरली, केळीही आडव्या केल्या. त्या दिवशी मी दात-ओठ खाऊन दोरी ओढली आणि बाण बशीच्या वर वीतभर गेला. रागाचा आणि नेमाचा संबंध काय हे मला वहीत लेखी मिळाले.

वासाची तयारी हा एक स्वतंत्र अध्याय आहे. डुकराची नजर बेताची, पण नाक असे की त्यापुढे आमचे लेखापरीक्षकही फिके पडावेत. म्हणून खोबरेल बंद, पावडर बंद, उदबत्तीच्या खोलीत बसणे बंद. कपडे बिनवासाच्या साबणाने धुवायचे, बाहेर वाळवायचे, झाडपाला घातलेल्या वेगळ्या पिशवीत ठेवायचे, कोणी हात लावायचा नाही, आणि थेट जागेवर जाऊनच घालायचे. ताई हे ऐकून म्हणाली, ‘‘म्हणजे सोवळंच की रे!’’ अण्णांच्या सोवळ्याची लहानपणी आम्ही टिंगल करायचो. सातासमुद्रापलीकडे डुकरासाठी मी ते पाळले. त्यातून मधेच आली नरकचतुर्दशी. पहाटे ताटात उटणे, सुवासिक तेल, ही दिवा घेऊन उभी, आणि भाचा दारात, ‘‘मामा, नाही!’’ शेवटी तिने माझ्या पायाच्या अंगठ्याला बोटभर उटणे लावले. तेवढा धोका डुकराच्या बाजूने घ्यायला हरकत नव्हती.

उद्या संध्याकाळी जायचे आहे. गाडीने दीड तास. मक्याचे दाणे टाकलेली एक मोकळी जागा आहे, तिच्यापासून अठरा यार्डांवर ओकच्या झाडाला बारा फुटांवर बांधलेले लोखंडी आसन. तिथे अंधार पडेपर्यंत बसायचे. पिशवीत सहा बाण, वारा पाहायची भुकटी, विजेरी आणि रबरी हातमोजे, कारण या डुकरांपासून माणसाला ब्रुसेलोसिसचा ताप येऊ शकतो. डब्यात दहीभात. फोडणी नाही.

खिशात मी एक चिठ्ठी ठेवली आहे. अंतर वीसच्या आत. वारा तोंडावर. जनावर आडवे किंवा पाठमोरे तिरके. पुढचा पाय पुढे. मागे दुसरे जनावर नाही. हात स्थिर. सहा अटी. बावीस वर्षांत मी हेच काम केले. सही जुळते का, तारीख बरोबर का, अक्षरी आणि अंकी रक्कम एक आहे का. आता चेक कमी येतात, येतात तेही यंत्रातून चित्र होऊन पुढे जातात, पण नजर गेलेली नाही. सहातली एक अट जरी अपुरी असली तरी चेक परत. समोर उभा असलेला इसम कितीही मोठा, कितीही नजीक आणि कितीही उर्मट असला तरी परत. इतके दिवस मला वाटत होते की मी बाण मारायला शिकतो आहे. वही चाळल्यावर दिसले, की तीन हिस्से शिक्षण बाण परत भात्यात ठेवण्याचे होते.

काल रात्री अण्णांना फोन करून हे सगळे सांगितले. त्यांच्याकडे सकाळ होती. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मला वाटले, लाइन गेली. मग म्हणाले, ‘‘इथल्या डुकराचा राग तिथल्या डुकरावर काढू नकोस. मारलंस तर एका घावात मार. नाही जमलं तर उतरून घरी ये. मी तर चाळीस वर्षं एकही न मारता घरी येतोय.’’

‘‘बरं,’’ मी म्हटले.

‘‘आणि किती उंचावर बसायचंय म्हणालास?’’

‘‘बारा फूट. कमरेला आणि खांद्याला पट्टा असतो बांधायला.’’

‘‘मग तो पट्टा आधी नीट बांध,’’ अण्णा म्हणाले. ‘‘झोप लागते रे माळ्यावर. मला विचार.’’